देव्हाऱ्यातली पाणबुडी

भाऊजी, दहाव्याला लोक तुमच्याबद्दल लई खोटं बोलले.

नदीच्या घाटावर मांडव घातला होता, माईक लावला होता. आपल्याकडं माणूस गेला की आधी पुढारी बोलतात आणि मग कावळा शिवतो, हे तुम्हाला काय सांगायचं. तुम्हीच म्हणायचात की कावळेसुद्धा भाषणं संपायची वाट बघत ताटकळतात. एकानं तुम्हाला 'काळ्या आईची सेवा करणारा बागायतदार' म्हटलं. तुम्हाला! मेथी आणि शेपूतला फरक वास घेतल्याशिवाय कळत नव्हता तुम्हाला. दुसऱ्यानं 'मितभाषी' म्हटलं, तेव्हा मी पदर तोंडात कोंबला. शेजारच्या बायकांना वाटलं मला हुंदका आला. तो आला होताच, पण त्याच्या आधी हसू आलं होतं.

तुमच्या पदकांबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही. बरंच झालं. काय सांगणार होते ते? की घोडेगावच्या कचेरीतून रिटायर झालेला हा बिनलग्नाचा माणूस लढाईतल्या पाणबुड्यांची पदकं जमवत होता, आणि तसल्याच एका पदकावरून आमच्या घरात चाळीस वर्षं भांडण चाललं होतं? पुढाऱ्याला ते दोन मिनिटांत बसवता आलं नसतं.

पिंड मांडले. कावळे होते, बाभळीवर चांगले ओळीनं बसले होते, पण एक खाली येईना. मग नेहमीचं सुरू झालं. तुमचे दादा, म्हणजे आमचे मालक, पुढं झाले, हात जोडून म्हणाले, "सुदाम, तुझं काय राह्यलं असंल तर आमी करू." कावळा हलला नाही. माझा अमोल म्हणाला, "काका, तुमची सगळी पदकं संग्रहालयात नीट देतो, एक हलू देणार नाही." तरी नाही. मग तो माझ्याकडं वळला आणि हळू म्हणाला, "आई, तू म्हण. देव्हाऱ्यातला तो टाक काढते म्हण. त्यांनी तेवढंच मागितलं होतं." सगळा घाट माझ्या तोंडाकडं बघत होता. ऊन चढलं. मी बोलले नाही भाऊजी.  शेवटी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. 

गावाला काय वाटायचं ते वाटू दे. मला तुमच्याशी बोलायचंय. गोष्ट तुम्हाला तोंडपाठ आहे, तरी मी ती पहिल्यापासून सांगणार. कारण आजवर ती तुम्हीच सांगत आलात, आणि दर वेळी आपल्याच बाजूनं सांगत आलात.

तुमच्या वडलांचे थोरले भाऊ किसनबाबा मुंबईला गेले आणि मालाच्या जहाजावर कोळसा ओढायच्या कामाला लागले. दुसरं महायुद्ध चालू होतं. जहाज भर समुद्रात पाणबुडीनं फोडलं, एवढीच बातमी आपल्या पिंपळवंडीत आली. ना प्रेत, ना राख. लग्न व्हायचं होतं त्यांचं. आपल्या घराची रीत अशी की जो बिनलग्नाचा जातो त्याचा टाक करायचा, म्हणजे रुप्याच्या पत्र्यावर त्याचा छाप उठवून तो देव्हाऱ्यात देवांच्या ओळीत बसवायचा. बायको नाही, पोरं नाहीत, निदान बसायला घरात जागा असावी म्हणून. पण किसनबाबांच्या आईनं टाक करूच दिला नाही. टाक केला की पोरगा मेला असं होतं, म्हणायची. दोन-तीन वर्षं अशीच गेली. मग गावातला एक जण मुंबईला गोदीत होता, तो सुट्टीला येताना एक पदक घेऊन आला. गोल, जड, पितळेसारखं, तळहात भरेल एवढं. त्यावर समुद्र, लाटा, जहाज. म्हणाला, "तुज्या किसनच्या बोटीचं हाय. सरकारनं काडलंय." कडेनं अक्षरं होती. ती इंग्रजी असणार असं सगळ्यांनी धरून चाललं. म्हातारीनं ते छातीशी धरलं, पोटभर रडली आणि उठून देव्हाऱ्यात ठेवलं. चौकोनी खंडोबा, चौकोनी देवी आणि मधे हे गोल.

त्या माणसानं ते कुठल्या भंगारवाल्याकडून उचललं देव जाणे. त्यानं खोटं सांगितलं की त्यालाही तसंच वाटत होतं, यावर तुमचं आणि माझं किती वेळा वाजलं! तुम्ही म्हणायचात, थापाड्या होता. मी म्हणायची, दयाळू होता. माझं अजून तेच म्हणणं आहे.

मी लग्न होऊन आले तेव्हा म्हातारी नव्हती. आत्याबाई होत्या, तुमची आई, माझी सासू. आल्या आल्या त्यांनी मला देव घासायला बसवलं. गोल पदक हातात देऊन म्हणाल्या, "ह्ये थोरलं भावजी. म्या बी त्यास्नी पाह्यलं न्हाई. पर आदी ह्यास्नी कुकू लावायचं, मंग खंडोबाला. खंडोबा समजून घेतोय." पदकावर मधोमध एक लांबट, फुगीर जहाज होतं, आणि लांब कोपऱ्यात एक बारकं जहाज कलंडलेलं. आत्याबाईंनी मोठ्यावर अंगठा टेकवला. "ही त्यांची बोट. ती बारकी दुस्मानाची." म्हणून कुंकू मोठ्याला. रोज. अवसेला आणि सणाला राखेनं, चिंचेनं घासायचं, पुन्हा कुंकू लावायचं. तेव्हा तुम्ही दारात उभे होतात, नुकतेच हाफ चड्डीतून सुटलेले, आणि मला म्हणालात, "वहिनी, त्या बोटीवर माझे काका आहेत, जोरात घासू नका." आठवतं? मला ते इतकं गोड वाटलं होतं!

मग तुम्ही घोडेगावला नोकरीला लागलात. कचेरीतल्या कुणा मित्राला जुन्या नाण्यांचा नाद होता, त्याच्याबरोबर पुण्याला प्रदर्शन बघायला गेलात. आणि तिथं काचेखाली तुम्हाला आपल्या घरचे किसनबाबा पडलेले दिसले. हुबेहूब तेच. दुकानदारानं सांगितलं, हे जर्मनांचं. पहिल्या महायुद्धातलं. त्यांनी आपल्या पाणबुड्यांच्या कौतुकासाठी काढलेलं. मधोमध आहे ते जहाज नव्हेच, ती पाणबुडी. कोपऱ्यात कलंडलंय ते समोरच्यांचं जहाज, तिनं बुडवलेलं. म्हणजे लढाईसुद्धा आधीची! किसनबाबांना तेव्हा दात तरी आले होते की नाही कोण जाणे.

त्या संध्याकाळी तुम्ही वहाणा न काढता चुलीपाशी आलात. आत्याबाई भाकरी थापत होत्या. तुम्ही एका दमात सगळं सांगितलं आणि म्हणालात, "आये, ज्यांनी काकाला बुडावलं त्यांचं कौतुक हाय त्याच्यावर. आपण खुन्याला कुकू लावतोय." आत्याबाईंनी विचारलं, "मंग काय करू म्हणतूस?" तुम्ही म्हणालात, "काढून टाक. काकाचा खरा टाक करू." त्या म्हणाल्या, "आन् ह्याचं?" तर तुम्ही रीत सांगितलीत. उतरवलेला टाक घरात ठेवायचा नसतो, नदीला द्यायचा असतो. आत्याबाईंचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपली, तिचा वास सगळ्या घरात झाला. मग त्या म्हणाल्या, "सुदाम, त्यास्नी येकदा पान्यानं न्हेलं. आता म्या माज्या हातानं परत पान्यात टाकू?"

तुम्ही तसेच वहाणांनिशी बाहेर गेलात. खरं सांगू, त्यांचा तो प्रश्न मलाही अजून सुटलेला नाही.

पण तुम्ही कसले ऐकताय! सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, अशी जात तुमची. त्या दिवसापासून तुम्ही देव्हाऱ्यासमोर हात जोडले नाहीत. माजघरातून जाताना तोंड भिंतीकडं करायचात. प्रसाद दिला तर म्हणायचात, ठेवा, नंतर खातो. आणि तो मुंग्या खायच्या. लेण्याद्रीला मात्र आत्याबाईंना हाताला धरून सगळ्या पायऱ्या चढवून न्यायचात, गणपतीपुढं डोळे मिटून उभे राहायचात. मी एकदा म्हटलंसुद्धा, "बाहेरचे देव चालतात, घरचा तेवढा वैरी?" तुम्ही म्हणालात, "बाहेरच्या देव्हाऱ्यात पाणबुडी नाही वहिनी." उचलली जीभ लावली टाळ्याला!

आत्याबाई गेल्या आणि भांडण माझ्या वाट्याला आलं. मला वाटलं होतं आता थंड होईल. तर तुम्ही ते प्रदर्शनातलं पदक विकतच घेऊन आलात. तेच, पण कोरं, कुणी न घासलेलं. म्हणालात, "एकदा शेजारी शेजारी ठेवून बघा. नीट बघितलंत की तुम्हीच काढाल." मी म्हटलं, मला बघायचं नाही. कशाला बघू? बघितलं असतं आणि पाणबुडी दिसली असती, तर दुसऱ्या दिवशी कुंकू लावताना माझा हात अडला असता. आणि माझा हात अडला तर किसनबाबांना कुणाच्या हातात देऊ? मी बघितलं नाही. तुम्ही आपल्या देव्हाऱ्यातलं बघितलं नाहीत. एका घरात, एका तव्यावरच्या भाकरी खाऊन, आपण दोघं असे राहिलो.

त्या एकावरून तुम्हाला नाद लागला. रिटायर झाल्यावर तर विचारूच नका. पुण्याला काय, मुंबईला काय, जिथं जुन्या पदकांचा बाजार असेल तिथं तुम्ही. फक्त पाणबुड्यांची लढाई असलेली. दादा वैतागायचे, "कांद्याला औषध मारायला माणूस न्हाई आन् ह्यो पाणबुड्या आनतोय." मी बोलत नव्हते, कारण संध्याकाळी ओट्यावर बसून तुम्ही मला ती दाखवायचात ते मला आवडायचं. तेवढं एक सोडून बाकीची मी सगळी बघितली. एकावर दाढीवाला समुद्रदेव पाणबुडीच्या पाठीवर हात ठेवून उभा, म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा. एकावर पाणबुडी लाटेतून वर आलेली आणि मागं सूर्य. एकाच्या मागच्या बाजूला किनाऱ्यावर बाई उभी, लेकरू कडेवर, वाट बघत. ते पदक मी तुम्हाला परत परत काढायला लावायची. तुम्ही म्हणायचात, "प्रत्येक देश आपली पाणबुडी मोठी काढतो आणि बुडणारं जहाज दुसऱ्याचं, एवढंसं. आणि माणसं काढलीच तर भिंग घ्यावं लागतं." आणि तुम्ही भिंग घ्यायचात. तासन्‌तास. पाणबुड्या जमवणारा माणूस पाणबुडीकडं बघतच नव्हता, तो पाण्यातली डोकी शोधत असायचा. हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणून तर मी जुन्या खणांचे तुकडे जोडून एकेका पदकाला थैली शिवून दिली. दुश्मनांना झबली शिवली मी, भाऊजी, तुमच्यापायी.

आणि एकदा मी लागेल असं बोलले. तुम्ही परत तेच काढलं होतं, खुन्याची पूजा. मी म्हटलं, "मी कुंकू लावते, तुम्ही थैलीत घालून गोंजारता. पूजा कुणाची जास्त चालते ते सांगा." तुमचा चेहरा पडला. दोन-चार दिवस ओट्यावर आला नाहीत. मग एका संध्याकाळी स्वतःच आलात आणि म्हणालात, "वहिनी, तुमच्या बोलण्यात तथ्य आहे. पण टाक काढा." मला हसावं की रडावं कळेना.

हे सगळं भांडणाचंच झालं. भांडणाखाली काय होतं तेही बोलू दे की मला.

माझं माहेर डोंगरातलं, भातखाचरांचं. तिकडच्या गाड्या घोडेगावच्या स्टँडवरून सुटतात. तुम्ही नोकरीला होतात तेवढी वर्षं, माझ्या गावचं कुणी स्टँडवर दिसलं की त्याला चहा पाजून, घरची खबर काढून, संध्याकाळी येऊन मला सांगायचात. कधी पिशवीत आंबेमोहोर यायचा, कधी नुसती नाचणी. मी माहेरी वर्षातून एकदा जायची, पण मला तिथल्या गाभण म्हशीसुद्धा माहीत असायच्या. माझी आई गेल्याचा निरोप तुम्हीच आणलात. दारात आलात ते मला कळलंच, तुमचा चेहरा कधी काही लपवायला शिकलाच नाही. पण तुम्ही म्हणालात, "वहिनी, आधी चार घास खाऊन घ्या. मग सांगतो." आणि समोर बसून मला वाढलंत. जन्मात तुम्ही कुणाला वाढलं नव्हतं, आमटी निम्मी ताटाबाहेर सांडली. मी जेवले, कारण पुढं दोन दिवस जेवता येणार नाही हे तुम्हाला माहीत होतं आणि मलाही. त्या घासांचे उपकार मी तुम्हाला कधी बोलून दाखवले नाहीत. आता दाखवतेय, आता काय उपयोग?

लग्न का केलं नाहीत तेही कधी सांगितलं नाहीत. मुलगी बघायला जायचं ठरलं की तुम्हाला ताप यायचा. दादा चिडून शेवटी नाद सोडून बसले. माझा अमोल तुमच्या मांडीवर वाढला, तुमच्या चष्म्याच्या किती काड्या त्यानं मोडल्या. त्यामुळं घर तुमचं होतंच. पण रीत आडवी येते ना. बिनलग्नाचा गेला, टाक करायला हवा.

आणि इथंच तुम्ही मला अडकवून गेलात.

नारायणगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, छातीत पाणी झालंय. नळी घालून काढायचे, ते परत भरायचं. तुम्ही धापा टाकत माझ्याकडं बघून म्हणालात, "वहिनी, आपल्या घराण्याचं आणि पाण्याचं काय वाकडं आहे हो? किसनबाबांना बुडायला समुद्र तरी मिळाला. मी कॉटवर बुडतोय." मी म्हटलं, अभद्र बोलू नका.  तुम्ही माझं मनगट धरलंत. आयुष्यात पहिल्यांदा. म्हणालात, "मी गेलो की टाक कराल तुम्ही, ऐकणार नाही माझं. करा. पण त्या पाणबुडीशेजारी मला बसवू नका. एवढं कबूल करा." अमोल तिथंच होता, त्यानंही ऐकलं. मी म्हटलं, "गप पडा. आधी पेज घ्या." पेज तुम्ही दोन चमचे घेतलीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा घेऊन आले तर कॉट रिकामी करत होते.

कबूल करायला मला काय झालं होतं? जीभ जड नव्हती झाली माझी. पण कबूल केलं असतं तर एक तर किसनबाबांना नदीत टाकावं लागलं असतं, नाहीतर तुम्हाला देव्हाऱ्याबाहेर ठेवावं लागलं असतं. दोघंही बिनलग्नाचे. दोघांनाही दुसरीकडं घर नाही. आत्याबाईंनी न पाहिलेल्या दिराला जन्मभर सांभाळलं, आणि मी डोळ्यांदेखत वाढलेल्या दिराला उंबऱ्याबाहेर बसवू? दवाखान्यात नाही बोलले, घाटावरही नाही बोलले. कावळ्याला फसवायला मला जमलं नसतं.

दहाव्याहून आलो त्या दिवशी घरात कुणी चूल नीट पेटवली नाही. अमोलची बायको शेजारच्या घरून भाकरी घेऊन आली. अमोल माझ्याकडं न बघता म्हणाला, "मरणाऱ्या माणसाचं ऐकायचं असतं आई." दादा म्हणाले, "देवांचं तिचं ती बघंल. आजवर तिनंच बघितलंय." त्यांनी माझी बाजू घेतली की माझ्यावर ढकललं, कळलं नाही. मी पडून राहिले आणि तुमच्या खोलीकडं तोंड करायची हिंमत होईना. तुमचा खोकला ऐकायची इतकी सवय झाली होती की तो नाही म्हणून झोप येईना.

अकराव्याला सुतक फिटलं. सुतकात देवांना कुणी हात लावत नाही. किसनबाबांना माझ्या संसारात एवढे दिवस सलग कुंकू मिळालं नाही असं क्वचितच झालं. जुनं वाळून गळून पडलं होतं. मी सगळे टाक ताटात काढून परसात नेले आणि धुवायला बसले. सकाळचं चांगलं ऊन होतं. आतून अमोल थैल्या खोक्यात भरत होता, पुण्याला न्यायला. त्यानं विचारलं, "आई, ही एक जांभळी थैली गाठ मारलेली आहे. सोडू का?" ती कुठली ते मला माहीत होतं. मीच शिवली होती आणि कधी उघडली नव्हती. मी म्हटलं, इकडं आण.

का म्हटलं कोण जाणे. तुमचं एवढं तरी ऐकावं असं वाटलं असेल. ज्यासाठी जन्मभर मागं लागला होतात ते तुम्ही नसताना तरी करावं. मी मनाशी म्हटलं, बघते, आणि दिसलीच पाणबुडी, तर मग बघू काय करायचं ते.

दोन्ही पदकं ताटात शेजारी शेजारी ठेवली.

तुमच्या कोऱ्यावर पाणबुडी आहे, भाऊजी. खरंच आहे. मधोमध, उंच उठवलेली, पाठीवर खिळ्यांची रांग, वर निशाण, नाक लाटेतून वर आलेलं.  तुम्ही म्हणत होतात त्यातला शब्दन्‌शब्द खरा होता. आणि कोपऱ्यात ते कलंडलेलं जहाज, आणि त्याच्याखाली पाण्यात काही बारीक ठिपके. चष्मा लावूनही मला ते नीट दिसेनात.

मग आपल्या घरचं बघितलं. मधोमध काही नाही. गुळगुळीत. पाणबुडी नाही, निशाण नाही, कडेची अक्षरंसुद्धा पुसटली. आजेसासूबाईंचा अंगठा, आत्याबाईंचा अंगठा, माझा अंगठा, रोज नेमका तिथंच टेकला आणि सणावारी राख-चिंच तिथंच जोरानं फिरली. त्यांची बोट समजून. पाणबुडी उंच होती म्हणून झिजून गेली. आणि कोपऱ्यात, खोलगट भागात, जिथं आमचा अंगठा कधी गेलाच नाही, तिथं कलंडलेलं जहाज जसंच्या तसं आहे. त्याच्याखालचे ठिपके म्हणजे माणसं आहेत भाऊजी. पाण्यातली माणसं. इतक्या वर्षांचं ओघळून आलेलं कुंकू त्यांच्या भोवती घट्ट बसून काळं झालंय, त्यामुळं एकेक डोकं उठून दिसतं. एकानं हात वर केलाय. भिंगाची गरज नाही.

शत्रूची पाणबुडी तीन बायकांनी अंगठ्यानं बुडवली, आणि एकीलाही कधी कळलं नाही.

मी ओरडले, "भाऊजी! अहो भाऊजी, इकडं या, लवकर या!" तोंडातून निघून गेल्यावर समजलं. अमोल आतून पळत आला. मी त्याला ताट दाखवलं. तो उकिडवा बसला, एकदा हे बघितलं, एकदा ते बघितलं, आणि त्यानं चष्मा काढून डोळे पुसले. मग मी तिथंच, ओल्या हातांनी, घाटावर रडले नव्हते तेवढं रडले. दुःख तुम्ही गेल्याचं होतंच. पण त्याहून जास्त याचं होतं की तुम्ही रोज त्या माणसांना शोधत होतात आणि ती आपल्याच घरात, तुमच्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर होती. भिंतीकडं तोंड करून जायचात ना तुम्ही! एकदा मान वळवली असतीत. आणि मी एकदा थैली सोडली असती. दोघंही आपलं तेच खरं करत बसलो.

कोरं पदक अमोलबरोबर पुण्याला गेलं. ते मला घरात नको होतं. बाकीच्यांच्या थैल्या मी काढू दिल्या नाहीत, तशाच द्या म्हटलं.

काल दादा आणि मी जुन्नरला सोनाराकडं जाऊन तुमचा टाक सांगून आलो. सोनारानं विचारलं, घोड्यावर बसवू का? दादा हो म्हणणार होते. मी म्हटलं, घोडा कशाला, हा एसटीनं जाणारा माणूस. नुसता उभा काढा आणि चष्मा घाला. सोनार म्हणाला, टाकाला चष्मा कधी घातला नाही मावशी. मी म्हटलं, आता घाला.

तुमची जागा मी ठरवली आहे. पाणबुडीशेजारी बसवू नका म्हणाला होतात, तर नाही बसवत. पाणबुडी राहिलीच नाही. किसनबाबांशेजारी बसवते आहे. कुंकू आधी त्यांना, मग तुम्हाला, मग खंडोबाला.

हे पटत नसेल तर या आणि भांडा. जन्मभर शेवटचा शब्द तुम्ही मला कधी घेऊ दिला नाहीत. आता तो माझ्याकडं येऊन पडलाय, आणि मला तो नकोय हो.